फायरचं आता तुम्ही बघा

अभिनंदन! सकाळी मालकांनी जाता जाता "फायरचं आता तुम्ही बघा" असं म्हटलं आणि तुमची नेमणूक झाली. लेखी ऑर्डर नाही, पगारात वाढ नाही. हातात आला तो किल्ल्यांचा जुडगा आणि पहिल्या चार पानांनंतर कोरं राहिलेलं एक रजिस्टर. तुम्ही मूळचे इलेक्ट्रिशियन असाल, स्टोअरकीपर असाल, नाहीतर मालकांच्या मेव्हण्याच्या गावचे असाल. लातूर असो की नांदेड, एमआयडीसीत या पदाला एवढी पात्रता पुरते. आधीच्या माणसानं जाताना तुम्हाला काही सांगितलं नसेल तर राग धरू नका, त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे नेमकं काय बसवलंय, ते आधी बघून घ्या. लाल रंगाचा पाइप दिसला की तो फायरचा, इथवर तुमचं ज्ञान पक्कं आहे. पण लाल पाइपातही दोन जाती असतात. बहुतेक ठिकाणी, म्हणजे कापड दुकानात, दवाखान्यात, हॉटेलात, पाइप पाण्यानं भरलेला असतो. छताला लटकलेल्या स्प्रिंकलरची काचेची कुपी उष्णतेनं फुटली की तिथल्या तिथे पाणी सुरू. दुसरी जात कोरडी. तिच्या पाइपात पाणी नसतं, दाबून भरलेली हवा असते. पाणी खाली एका जाडजूड व्हॉल्व्हमागे अडवून धरलेलं असतं. पाइपातलं पाणी गोठण्याची भीती असते तिथे हा प्रकार बसवतात, आणि जिथे तापमान ४ अंशांच्या खाली जाऊ शकतं तिथे भीती आहे असं धरायचं, हा नियम.

आता तुम्ही विचाराल की लातुरात पाणी गोठतं कुठे? इथे डिसेंबरात दोन दिवस कानटोपी घालायची, त्यालाच आपण कडाक्याची थंडी म्हणतो. पण तुमच्या नशिबी कोल्ड स्टोरेज आलंय. आतली एक खोली उणे १८-२० अंशांवर चालते आणि तिच्या छतातून तोच लाल पाइप गेलेला आहे. "बर्फात कुठं आग लागत असते का हो?" असं वॉचमन विचारेल. त्याला सांगा, लागते. भिंतींच्या पत्र्यामागे पफ नाहीतर थर्माकोल भरलेला असतो. पंख्यांच्या मोटारी रात्रंदिवस फिरतात, दाराच्या चौकटीवर बर्फ साचू नये म्हणून हीटरची तार फिरवलेली असते, आणि वर्षातून एकदा कुणीतरी पाइपाला वेल्डिंग करायला येतोच. अशा खोलीतली हवा इतकी कोरडी असते की खोकी कडकडीत वाळून पेट घ्यायला तयारच बसलेली असतात.

कोरड्या पाइपाचं वागणं पुण्या-मुंबईच्या माणसाला समजवायला फळा लागतो, लातूरकराला लागत नाही. आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा नळ आधी फुसफुसतो, मग खोकतो, मग जोरात थुंकतो आणि त्यानंतर कुठे धार लागते. पाइपातली हवा निघून गेल्याशिवाय पाणी येत नाही, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. आगीच्या वेळी हेच घडतं. कुपी फुटली की आधी हवा निघते, हवेचा दाब उतरतो, मग खालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी धावत वर येतं. या उशिराचं काय करायचं, एवढ्या एका गोष्टीभोवती तुमची सगळी नोकरी फिरणार आहे.

व्हॉल्व्हच्या पोटात एक झडप असते, तिला क्लॅपर म्हणतात. खालून पाणी तिला ढकलतं, वरून हवा तिला दाबून ठेवते. हवेला बसायला जागा मोठी आणि पाण्याला लहान, म्हणून थोड्या हवेत पुष्कळ पाणी अडतं. हिशोब साधारण सहास एक असा धरा. पाण्याच्या गेजवर ६ किलो दिसत असेल तर हवा एक किलोच्या आसपास उतरली की झडप उघडणार. (किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किलो. पंपहाऊसमध्ये एवढं सगळं कुणी बोलत नाही.) त्यावर साधारण दीड किलोची सूट ठेवायची, म्हणजे हवा अडीच किलोच्या घरात हवी. व्हॉल्व्हच्या अंगावर कंपनीची पाटी असते, नेमका आकडा तिच्यावर मिळेल. मागच्या दिवाळीला रंगाऱ्यानं तिच्यावरूनही लाल हात मारला असेल, तर आधी तो खरवडून काढा.

इथे प्रत्येक नवशिका एक हुशारी करतो. अडीच किलोनं काम भागतं तर पाच किलो भरून टाकू, निवांत झोप लागेल. तुम्हाला लागेल हो, पण आग लागेल तेव्हा एवढीशी कुपी फुटून पाच किलोची हवा एक किलोवर उतरेपर्यंत खोकी संपलेली असतील. जास्त हवा म्हणजे जास्त उशीर. मोठ्या जागी हा उशीर कमी करायला व्हॉल्व्हशेजारी अ‍ॅक्सिलरेटर नावाचं एक नाजूक यंत्र बसवतात. दाब घसरायला लागलाय हे ते लगेच हेरतं आणि झडप लवकर उघडवतं. ते बिघडलं की खोटा इशारा देतं, म्हणून बहुतेक ठिकाणी त्याचा कॉक बंद करून ठेवलेला आढळेल. तुमच्याकडेही तसंच असेल. उघडा.

कॉम्प्रेसर हा तुमचा खरा शत्रू. तो वाईट नाही, उपयोगी आहे, हाच त्याचा दोष. दुपारी कुणीतरी त्याला नळी लावून मोटारसायकलवरची धूळ उडवतो, कुणी स्कूटीत हवा भरून घेतो, टेम्पोवाला तर हक्कानं मागतो. "साहेब, थोडीच घ्यूलालो की," असं म्हणेल. थोडीच म्हणता म्हणता पाइपातला दाब अर्धा किलो उतरतो आणि तुम्ही जेवणाचा डबा उघडलेला असतो. कॉम्प्रेसरला कुलूपबंद जाळी करून घ्या, आणि त्याची वायर वेल्डिंग मशीनच्या बोर्डावर नाही, हे स्वतः पाहा.

रात्रीची गोष्ट वेगळी. लाईट गेली की कॉम्प्रेसर बंद. जुन्या पाइपात कुठे ना कुठे सांध्यातून हवा झिरपतच असते. जनरेटरनं फ्रीजरची मशीन उचलली, पण कॉम्प्रेसर त्याच्यावर जोडायचं कुणाला सुचलेलं नाही. पहाटे तीनला हवा एक किलोवर येते आणि आग नाही, धूर नाही, तरी झडप धाडकन उघडते. पाणी वर चढतं आणि उणे वीसच्या खोलीतल्या पाइपात जाऊन बसतं. सकाळी सहाला तुम्ही येता तोवर त्याचा दगड झालेला असतो. सांधे फुटलेले, स्प्रिंकलर वाकलेले. मालक विचारतात, "आग लागली होती का?" तुम्ही म्हणता, "नाही." यावर ते जे बोलतात ते इथे छापता येत नाही. म्हणून हवेचा दाब कमी झाल्याची घंटा वॉचमनच्या खोलीपर्यंत ओढून घ्या, आणि ती वाजली की गप्प कुठून करायची याऐवजी फोन कुणाला करायचा, हे त्याला शिकवा.

बर्फाचा आणखी एक चोर रस्ता आहे. जुलैत नांदेडची दमट हवा कॉम्प्रेसर जशीच्या तशी आत ओढतो. त्या हवेतली वाफ फ्रीजरच्या भिंतीतून आत शिरल्या शिरल्या पाइपात गोठते, थरावर थर चढतो आणि वर्षा-दोन वर्षांत चांगलं बूच तयार होतं. गेज म्हणतं सगळं ठीक, घंटा गप्प, रजिस्टरात बरोबरच्या खुणा आणि पाइप आतून बंद. उपाय आहेत. हवा सुकवणारं यंत्र लावा, कॉम्प्रेसरला फ्रीजरच्या आतलीच कोरडी हवा द्या, नाहीतर नायट्रोजन भरा. यातला प्रत्येक उपाय खर्चाचा आहे, त्यामुळे तो मालकांना सांगण्याची वेळ नीट निवडा. सोयाबीनचे भाव पडलेल्या आठवड्यात मुळीच सांगू नका.

रोजची, महिन्याची कामं फार नाहीत. दोन्ही गेज बघा आणि आकडा लिहा, "ओके" लिहू नका. झडपेच्या दोन बैठकांमधल्या पोकळीतलं पाणी बाहेर टाकणारी एक छोटी तोटी व्हॉल्व्हखाली असते, तिच्यातलं बटण दाबून पाहा. थेंब आले तर खालची बैठक गळतेय, हवा आली तर वरची. तीन महिन्यांनी झडपेवरच्या पाण्याची पातळी बघा. झडप घट्ट बसावी म्हणून तिच्यावर मुद्दाम थोडं पाणी ठेवलेलं असतं. ते कमी झालं तर हवा निसटते, जास्त झालं तर त्याच्या वजनानं वर सांगितलेला सगळा हिशोब चुकतो. पाइपाच्या सखल जागी साचलेलं पाणी काढायला छोटी नळकांडी असतात, ती रिकामी करा. तिथे दोन कॉक असतात. वरचा बंद करून मगच खालचा उघडायचा. दोन्ही एकदम उघडलेत तर तुम्हीच आग आहात असं व्हॉल्व्हला वाटेल.

आता मुख्य परीक्षा, म्हणजे ट्रिप टेस्ट. वर्षातून एकदा झडप खरोखर उघडून बघायची, आणि दर तीन वर्षांनी पाणी शेवटच्या टोकापर्यंत पूर्ण जाऊ द्यायचं. अमेरिकेतल्या एनएफपीए २५ या पुस्तकात असं सांगितलंय आणि जगभरचे विमावाले तेच वाचतात. ही चाचणी टाळण्याच्या ज्या पद्धती आपल्याकडे रूढ आहेत, त्यांची नवशिक्याला ओळख असलेली बरी. पहिली, "माल भरलेला आहे, सीझन संपल्यावर बघू." सीझन संपत नसतो, चिंचेमागून दुसरं काहीतरी येतंच. दुसरी, "उघडली तर परत बसवता येणार नाही." ही भीती खरी आहे, पण मग ती झडप आगीच्या वेळी उघडेल यावर तुमचा भरवसा कसा? तिसरी पद्धत म्हणजे घंटेचा छोटा कॉक फिरवायचा, घंटा वाजवायची, फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. घंटा वाजते हे यातून सिद्ध होतं. झडपेला त्यातलं काहीच कळलेलं नसतं.

चौथी पद्धत खास आपली. "पाणी कुठाय?" हे कारण ऐकून लातुरात कुणी हसत नाही. मार्च २०१६ मध्ये इथे पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावून जमावबंदी करावी लागली होती. मांजरा धरण आटलं होतं. ११ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे दुसऱ्या दिवशी लातुरात पोचली, तेव्हा तिला १० वाघिणी होत्या आणि एकेकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी यायला लागली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आलेलं पाणी एका पाइपात सोडून गटारीत जाताना बघायचं, हे त्या उन्हाळ्यात माणसं घागरी घेऊन रांगेत असताना कुणाच्या जिवावर आलं नसतं? पहिली गाडी आल्यावर दोनच दिवसांनी अग्निशमन सप्ताह सुरू होत होता. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, तेव्हापासूनची ही आठवण. लातुरात त्या दिवशी हौदात पाणी किती, हा प्रश्न विचारायला धाडसच लागलं असतं.

तर पाण्याबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्या. फायरचा हौद भरलेला असतो म्हणूनच तो सगळ्यांना दिसतो. एप्रिल लागला की कूलरला तिथून पाणी, बांधकामाला तिथून पाणी, साहेबांच्या गुलाबाला तिथूनच. यावर पाटी लावून काही होत नाही. उपाय प्लंबरकडे आहे. वापराचा पाइप हौदात वरच्या पातळीवरून घ्यायचा आणि फायरच्या पंपाचा तळाशी. मग कूलरवाले उपसून उपसून थकले तरी आगीचा साठा खाली शिल्लक राहतो. दुसरी गोष्ट, वार्षिक चाचणीला फार पाणी लागतच नाही. मुख्य कॉक थोडासाच उघडा ठेवायचा, टोकाच्या टेस्ट कॉकमधून हवा सोडायची आणि झडप उघडली की लगेच मुख्य कॉक बंद. काही बादल्यांत काम होतं. तीन वर्षांच्या पूर्ण चाचणीचं पाणी होजनं परत हौदात घ्या, नाहीतर कुंपणाच्या कडुलिंबांना द्या. लातुरात पाणी वाया घालवलंत असं तुम्हाला कुणी म्हणू नये, आणि कडुलिंबं तर नक्कीच म्हणणार नाहीत.

चाचणी करताना एक माणूस टोकाला उभा करा, एक व्हॉल्व्हजवळ. दोघांकडे मोबाइल. व्हॉल्व्हजवळच्याला सांगा, हवेचा काटा उतरताना बघत राहायचं, झडप कितीवर उघडली तो आकडा आणि किती सेकंदांत उघडली तेही लिहायचं. काटा सुरुवातीला भराभर उतरतो, मग रेंगाळतो, आपल्याला वाटतं अडकला. मग आतून एक जड ठोका येतो, पाइप जागेवर थरथरतो आणि घंटा सुरू होते. टोकाचा माणूस तोवर हवेचा फुसफुसाट ऐकत उभा असतो. पूर्ण चाचणीत त्याच्यापर्यंत पाणी पोचायला मोठ्या पाइपातही ६० सेकंद, त्याहून जास्त नाही. पहिलं पाणी गंजाचं, चहाच्या रंगाचं येईल. बोअरच्या क्षारांचे पापुद्रेही त्यात असतील. ते बाटलीत भरून मालकांच्या टेबलावर ठेवा. पाइप आतून कसा आहे हे तोंडानं सांगून त्यांना पटलेलं नसतं.

फ्रीजर चालू असेल तर पाणी आत जाऊ देऊ नका, व्हॉल्व्हवरचा स्वतंत्र कॉक बंद करून फक्त झडपेची परीक्षा घ्या. आणि काम झाल्यावर तो कॉक उघडा. ही ओळ दोनदा वाचा. स्प्रिंकलर बसवलेले असूनही चालले नाहीत अशा आगींची अमेरिकेत जी नोंद आहे, तीत सगळ्यांत जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे कुणीतरी पाणी बंद करून ठेवलं होतं. यंत्र बिघडलं नव्हतं. मुख्य कॉक उघड्या स्थितीत साखळी-कुलपानं जखडा आणि किल्ली त्या जुडग्यात ठेवू नका.

नांदेडकरांसाठी एक पुरवणी. तुमच्याकडे फ्रीजर नसेल, जिनिंगचा पत्र्याचा शेड असेल आणि त्यात कापूस असेल, तर व्हॉल्व्हआधी कुप्यांचा रंग बघा. कुपीतल्या पाण्यासारख्या द्रवाचा रंग म्हणजे ती किती अंशांना फुटणार याची खूण. लाल ६८, पिवळी ७९, हिरवी ९३. लाल कुपी ज्या छताखाली बसवायची तिथे एरवी तापमान ३८ अंशांच्या वर जाऊ नये. मे महिन्यात पत्र्याखाली ३८! एवढं तर नांदेडला सकाळी अकरालाच होतं. तिथे पिवळी किंवा हिरवीच हवी. कुपीला रंग लागला असेल तर थिनरनं पुसत बसू नका, स्प्रिंकलरच बदला. आणि विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला हा वाद जेवढा जुना आहे, तेवढा जुना तो स्प्रिंकलर असेल, तर न विचारताच बदला.

कागदांचं आता सांगतो. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. त्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. त्याला सगळे फॉर्म बी म्हणतात. कल्पना चांगली आहे. बाहेरचा जाणकार माणूस सहा महिन्यांनी येऊन बघून जाणार. पण कधी कधी प्रमाणपत्र येतं आणि माणूस येत नाही. मालक खूश असतात, कारण काम लवकर झालं. तुम्हीही खूश असता, कारण झडप उघडावी लागली नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. राज्यातल्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करा, असे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला, ११ रुग्ण दगावले. या दोन तारखांच्या मध्ये जुलै आला होता. एजन्सीचा माणूस आला नाही तर तुम्ही त्याला फोन करा. आल्यावर चहा पाजा, पण आधी त्याच्या हातानं टेस्ट कॉक उघडवा.

शेवटचं काम झडप परत बसवण्याचं, आणि यातच निम्मे लोक दम टाकतात. मुख्य कॉक बंद. सगळे ड्रेन उघडून पाइप निथळू द्या, सखल जागच्या नळकांड्यांसकट. व्हॉल्व्हचं झाकण उघडा, झडपेची रबरी बैठक ओल्या फडक्यानं पुसा. तिथे ग्रीस लावायचा मोह होईल, लावू नका, चिकटते. रबराला चीर दिसली तर आजच बदला. झडप हातानं उचलून बसवा, झाकण लावा, मुख्य ड्रेन सोडून बाकीचे बंद करा, वर पाणी पातळीइतकं घाला, मग हवा भरा. कॉम्प्रेसरनं अर्ध्या तासात दाब पुरा केला पाहिजे, नाही केला तर गळती शोधा, साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन. मगच मुख्य कॉक हळूहळू उघडा, मुख्य ड्रेन हळूहळू बंद करा आणि छोट्या तोटीचं बटण पुन्हा दाबा. कोरडी निघाली तर साखळी लावा, रजिस्टरात दोन्ही गेजचे आकडे, झडप उघडल्याचा दाब आणि सेकंद लिहा, खाली सही करा आणि टोकाला उभ्या माणसाला फोन करून सांगा की आता खाली ये, तो अजून तिथेच आहे.